चिकूखाली नक्की कोण बोललं?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. 'ठेवत नव्हतो' असं म्हणून पुढे सुरुवात करणारे बरेच असतात, मी त्यांतला नाही. आजही ठेवत नाही. मी मरीन इंजिनिअर. अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेलं आणि आता सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करतो. आवाज आला की बेअरिंग बघायचं, भूत नाही... हे आमचं शास्त्र. एका जहाजावर स्टोअरमध्ये बाई रडते म्हणून कुणी आत जायला तयार नव्हतं. मी गेलो. व्हेंटिलेशनच्या पाइपाचा क्लॅम्प सैल झाला होता. बोल्ट आवळले, बाई गप्प!

तर अशा माणसाला हे लिहावं लागतंय, याचा मलाच राग येतोय. पण वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लिहून टाका एकदाचं. नाहीतर रोज जेवताना मलाच ऐकवत बसाल." म्हणून लिहितो. सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

आम्ही पासिर पांजांगला राहतो. मोठ्या रस्त्यावरून चढ चढून वर आलं की जुन्या घरांची एक रांग लागते, त्यातलं एक आम्ही भाड्याने घेतलंय. बाकी सगळीकडे काँडोच्या उंच उंच इमारती झाल्यात, ही रांग तेवढी कशी राहिली देव जाणे. प्रत्येक घरामागे एक छोटंसं अंगण. आमच्या अंगणात फरशी आणि वैशालीच्या कुंड्या. शेजारच्या अंगणात एकच झाड... चिकूचं. चांगलं जुनं, खाली झुकलेल्या आडव्या फांद्यांचं. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. मागे टेकडीचा चढ अडवणारी सिमेंटची उंच भिंत. आणि समोर, घराच्या बाजूच्या बोळातून सरळ खाली उतरलं की तो मोठा रस्ता, ज्यावरून बस, ट्रक, टॅक्सी अशी रांग लागलेली असते. हा नकाशा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेजारी राहतात आंटी. नाव मला माहीत आहे पण इथे लिहीत नाही. एकट्याच असतात. ऐंशीच्या घरात असतील. त्यांचा मुलगा केल्विन जुरोंग ईस्टला राहतो, रविवारी येतो. आंटींना तेओच्यू सोडून दुसरी भाषा येत नाही. ही चिनी लोकांचीच एक बोली. इंग्रजीतले मोजकेच शब्द येतात... 'कॅन', 'नो कॅन', 'हॉट', 'रेन', 'यू ईट' असे. मला त्यांच्या भाषेतला एकही येत नाही. आमच्या दोघांत सामाईक असा एकच शब्द... चिकू! इथेही चिकूला चिकूच म्हणतात. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी भिंतीवरून एक पिशवी पुढे केली आणि म्हणाल्या, "चिकू." मी म्हटलं, "चिकू!" त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका. त्यांना वाटलं असावं, मला त्यांची भाषा येते. तेव्हापासून भिंतीवरून आमचं संभाषण म्हणजे त्या चिकू म्हणायच्या, मी चिकू म्हणायचो, आणि दोघंही हसायचो.

आता रानकोंबड्यांबद्दल. सिंगापूरबाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण इथे हिरवळीच्या पट्ट्यांत खऱ्याखुऱ्या रानकोंबड्या फिरतात. कोंबडा तर काय देखणा! मान सोनेरी, पाठ तांबडी, शेपटी हिरवीकाळी आणि कानाजवळ पांढरा ठिपका. त्यांना पकडायचं नाही, खायला घालायचं नाही, दंड होतो. आंटींनी कधी दाणा टाकला नाही. त्या फक्त संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि कोंबड्या चिकूवर चढताना बघायच्या. आधी कोंबडा वरच्या फांदीवर, मग कोंबडी मधल्या फांदीवर, मग पिल्लं धडपडत तिच्या पंखाखाली. सगळे चढले की आंटी खुर्ची उचलून आत जायच्या. त्यांचा दिवस तिथे संपायचा.

एके दिवशी कोंबडी लंगडताना दिसली. चिकू पिकायला लागले की वटवाघळं येतात, म्हणून आंटींनी झाडावर नायलॉनची जाळी टाकली होती. त्या जाळीचा धागा सुटून कोंबडीच्या पायाला गुंडाळला गेला होता. ओढून ओढून तिने तो आणखी आवळून घेतला. पाय सुजला, मग काळपट व्हायला लागला. आंटींनी त्याच दुपारी स्टुलावर चढून ती सगळी जाळी फाडून काढली. मी घरी आलो तर जाळीचा ढीग पायाशी आणि आंटी छातीवर बोट आपटत मला सांगतायत, "माय नेट. माय." डोळ्यांत पाणी. त्या दिवशी चिकू नाही, काही नाही. समजूत घालायची तरी कुठल्या भाषेत?

प्राणी वाचवणाऱ्या लोकांना मी फोन केला. एक तरुण मुलगी आली, चांगली माहितगार होती. दिवसा प्रयत्न केला... कोंबडी लंगडी असली तरी पळाली, पिल्लं चारी दिशांना, एक गटारात पडलं ते बाहेर काढताना माझी पँट गेली. दुसऱ्यांदाही तेच. मग ती म्हणाली, "दिवसा होणार नाही. संध्याकाळी ती झाडावर बसली, शांत झाली, की मगच. पण मला त्या वेळेला पोचता येईलच असं नाही. तुम्हाला जमलं तर टॉवेलमध्ये धरून खोक्यात ठेवा, मी मागून येते. टॉर्च मारायचा नाही. आणि एकच संधी आहे हे लक्षात ठेवा. एवढ्याशा जागेत ती एकदा बिथरली तर या झाडावर परत येणार नाही. दुसरं झाड रस्त्यापलीकडे आहे. लंगड्या पायाने, पिल्लं घेऊन, अंधारात रस्ता..." पाय आणखी एक-दोन दिवसच टिकेल, असंही म्हणाली. पाय गेला की कोंबडी गेली. कोंबडी गेली की पिल्लं गेली.

केल्विनने फोनवर हे सगळं आंटींना समजावलं. आंटींनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कॅन."

आता खरी अडचण ऐका. फांदी माझ्या डोक्याच्या थोडी वर. आंटींचा हात पोचणं शक्य नाही. वैशाली पक्ष्यांना घाबरते, कबूतर बाल्कनीत आलं तरी आत पळते. म्हणजे राहिलो मी. आणि मी म्हणजे कोण? तीन डेक वरच्या माणसाशी ओरडून बोलायची सवय लागलेला माणूस. वैशाली मला भोंगा म्हणते. मी हळू बोललो असं मला वाटतं तेव्हासुद्धा बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघतात. त्यात डावा कान कामातून गेलेला, उजवा निम्मा शिल्लक. मी चालतो तेव्हा काय आवाज होतो हे मला स्वतःला ऐकूच येत नाही. आणि चिकूखाली वाळक्या पानांचा नुसता थर. चिकूचं पान जाड असतं, पायाखाली आलं की कडकन मोडतं.

वैशाली म्हणाली, "अहो, तुम्ही जाणार? मग ती कोंबडी थेट इंडोनेशियात सापडेल."

मी चिडलो. पण मनातून घाबरलो होतो, कारण तिचं खरं होतं.

शनिवारी सातच्या सुमारास, उजेड उतरत असताना, मी अनवाणी आंटींच्या अंगणात शिरलो. खांद्यावर जुना टॉवेल. आंटी आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या, त्याही अनवाणी, हातात पुठ्ठ्याचं खोकं. वैशाली आमच्या बाजूला, भिंतीला टेकून. म्हणजे आमच्यापासून अगदी जवळ, हाताने बादली द्यावी इतक्या अंतरावर. कोंबडा वर चढून बसला होता. तो खरा पहारेकरी. त्याने एकदा ओरड केली की खेळ खलास. कोंबडी चढायला तीनदा चुकली, चौथ्यांदा कशीबशी सगळ्यात खालच्या फांदीवर आली. पिल्लं आली. तिने पंख फुलवले. सूज आलेला पाय तिने बाजूला लोंबता ठेवला होता.

आंटी माझ्या डाव्या बाजूला आल्या आणि आम्ही निघालो.

पहिलंच पाऊल टाकणार तेवढ्यात आवाज आला, "पानांवर नको. मुळावर पाय ठेव."

खाली बघितलं. खोडापासून मुळं वर आलेली, त्यांच्यावर पानं टिकत नाहीत, घरंगळून बाजूला पडतात. मुळावर पाय ठेवला. आवाज नाही. दुसरं पाऊल दुसऱ्या मुळावर. मला एवढं डोकं कधी सुचलं नसतं.

वर कोंबड्याने मान उचलली.

"थांब रे. बस येऊ दे."

मी एका पायावर जोर देऊन तसाच थांबलो. खालच्या रस्त्यावरून डबल डेकर चढाला लागली, तिचा घरघराट वर आला, तो असेपर्यंत आम्ही पुढे सरकलो. बस गेली, आम्ही थांबलो. पुन्हा बस, पुन्हा दोन मुळं पुढे. या माणसाला, म्हणजे मला, ट्रॅफिक लाइटला थांबायचा कंटाळा येतो. पण त्या वेळी मला घाईच नव्हती. आयुष्यात कधी इतका निवांत उभा राहिलो नसेन. मैना शेजारच्या झाडावर कलकलत होत्या, त्या हळूहळू गप्प होत गेल्या, ते सगळं मला ऐकू येत होतं. कोंबडी पिल्लांशी घशातल्या घशात काहीतरी बोलत होती. तेसुद्धा.

"तिच्याकडे बघू नकोस. भिंतीकडे बघ."

मी भिंतीकडे बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, तिचं डोकं वर होतं ते हळूच खाली गेलं. बघणाऱ्या डोळ्यांची भीती जास्त असते बहुतेक, हातांची नसते. आंटी बाजूला होत्याच. त्यांचं काय कौतुक करू मी! या वयात, वाकलेल्या पाठीने, खोकं छातीशी धरून त्या माझ्याबरोबर एका मुळावरून दुसऱ्या मुळावर अशा येत होत्या की त्यांच्या पायाखालची मुंगी जागी होऊ नये. मी थांबलो की त्या थांबलेल्या असायच्या. एकदाही धक्का नाही, ठेच नाही.

आम्ही खोडाशी पोचलो. खोड आमच्या आणि कोंबड्याच्या मध्ये.

"समोरून नको. मागून. दोन्ही पंख एकदम."

पुढची बस आली. "आता."

टॉवेल वर गेला आणि तिच्या पाठीवर उतरला. मी दोन्ही हातांनी पंख आवळून तिला उचललं. आंटींचा हात खालून आला आणि त्यांनी तिचे दोन्ही पाय अलगद धरले, सुजलेला पाय दोन बोटांत. कोंबडीने आवाज काढला नाही. पिल्लं फांदीवर एकमेकांना चिकटून बसली. वर तो सोनेरी मानेचा बहाद्दर... त्याला पत्ताच नाही!

भिंतीपलीकडे वैशालीने तोंडावर हात धरलेला मी बघितला.

ती मुलगी थोड्याच वेळात आली. स्वयंपाकघरात आंटींनी मांडीवर कोंबडी धरली आणि तिने बारीक कात्रीने तो धागा एकेक वेढा करत काढला. मांसात रुतला होता. औषध लावलं. म्हणाली, एक बोट जाईल, पाय राहील. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर काही उपयोग नव्हता. मग म्हणाली, पिल्लं लहान आहेत, हिला आताच परत ठेवू. आणि आम्ही तिला त्याच फांदीवर परत ठेवलं. पिल्लं तिच्या पोटाखाली घुसली. आंटींनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. रडत होत्या. मीही... जाऊ दे.

मग मी फाटकातून निघताना म्हटलं, "येतो, आंटी." आणि घरी आलो.

इथपर्यंत सगळं ठीक. आता पुढे.

वैशालीने पिठलं-भात वाढला. मी भलताच खुशीत. म्हटलं, "काय गं, आंटींना इतकं चांगलं इंग्रजी येतं, एवढे दिवस पत्ता लागू दिला नाही."

"कधी बोलल्या?"

"कधी म्हणजे काय? झाडाखाली. सगळं त्यांनीच तर सांगितलं."

वैशालीने पळी खाली ठेवली. "अहो, कोण बोललं? तुम्ही दोघं तोंड शिवल्यासारखे होतात. लग्न झाल्यापासून तुम्हाला इतका वेळ गप्प पहिल्यांदा बघितलं. मी तर म्हटलं, व्हिडिओ काढून ठेवायला हवा होता."

"अगं, तू लांब होतीस—"

"लांब? हात लांब केला असता तर तुमची कॉलर धरली असती मी."

"अगं पण त्या म्हणाल्या ना... थांब रे, बस येऊ दे—"

आणि माझा घास हातातच राहिला.

थांब *रे*.

'रे' इंग्रजीत कुठून येणार? तुम्हीच सांगा. इंग्रजीत स्टॉप म्हणतील, वेट म्हणतील. रे कुठून येणार? आणि 'ठेव', 'बघू नकोस'... मला अरेतुरे करणारं या अख्ख्या शहरात कुणी नाही. ऑफिसात मिस्टर साठे, इथल्या मराठी मंडळात साठेसाहेब, घरात अहो. आई गेल्यापासून मला 'रे' म्हणणारं माणूसच उरलेलं नाही. आणि झाडाखाली मला ते ऐकू आलं, मी त्याप्रमाणे वागलो, आणि त्यात काही वेगळं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

वैशालीने विचारलं, "आवाज कुणाचा होता? बाईचा?"

मला सांगता येईना. खरंच येईना. बाईचा की पुरुषाचा, म्हातारा की तरुण, काही आठवेना. अगदी कानाशी होता एवढंच. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. डाव्या कानाशी. त्या कानाने मला टेलिफोनची रिंगसुद्धा ऐकू येत नाही. कुजबुज कुठली?

मी काय केलं असेल? इंजिनिअर आहे, कारण शोधलं. म्हटलं, मनाचे खेळ. टेन्शनमध्ये माणूस स्वतःशीच बोलतो, आणि आपलंच बोलणं आपल्याला दुसऱ्याचं वाटतं. लहानपणी आई 'थांब रे' म्हणायची, तेच मनाने पुन्हा ऐकवलं. पटण्यासारखं होतं. वैशालीलाही पटवलं. झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. केल्विन आला. भिंतीपाशी येऊन त्याने माझे खूप आभार मानले. अकाउंट्सचं काम करणारा माणूस, फारसं हसत नाही, उगाच काही बोलत नाही. त्याचं इंग्रजी मी इथे मराठीतच लिहितो, शेवटचा 'लाह' तेवढा त्याचाच, इथले लोक तो कशालाही जोडतात. म्हणाला, "मिस्टर साठे, आई तुमच्यावर थोडी रागावली आहे, लाह."

"का बाबा? मी काय केलं?"

"काल तुम्ही फाटकात तिला म्हणालात, येतो. तिने फाटक उघडं ठेवलं, चहा केला आणि बाहेर बसून राहिली. डास चावले तिला. तुम्ही आलाच नाहीत."

वैशाली कुंड्यांना पाणी घालत होती, तिचा हात थांबला.

मंडळी, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आपल्या पोराबाळांनासुद्धा त्याचा अर्थ 'चाललो' एवढाच कळतो. मी चपला घालून, हात हलवून, पाठ फिरवून म्हणालो होतो. बघणाऱ्या कुणालाही कळेल की हा माणूस घरी चाललाय. आंटींनी त्याचा अर्थ काय घेतला? येतो! जो शब्दाचा अर्थ आहे, तोच. म्हणजे त्यांना हावभाव कळला नाही, शब्द कळला. मराठी शब्द. मराठीची सवय तेवढी कळली नाही.

मी केल्विनला म्हटलं, "त्यांना विचार, मी कुठल्या भाषेत म्हणालो?"

त्याने विचारलं. आंटी आत ओट्याशी काम करत होत्या, तिथूनच ठसक्यात काहीतरी म्हणाल्या. केल्विन जरा ओशाळला. "ती म्हणते, कुठल्या म्हणजे? आपल्या. तेओच्यूत. म्हणते, तुमची तेओच्यू छान आहे, जुन्या माणसांसारखी. मग इतके दिवस नुसतं चिकू चिकू का करत होतात?" मग म्हणाला, "मिस्टर साठे, आईला हल्ली कधी कधी गोंधळ होतो. तुम्ही मनावर घेऊ नका. पण ती म्हणते की कालचं सगळं तुम्हीच तिला सांगितलंत."

"काय सगळं?"

"पाय कुठे ठेवायचा ते. मुळांवर ठेवायचा, पानांवर नाही. बस येईपर्यंत थांबायचं. कोंबडीकडे बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं. ती म्हणते, तुम्ही नसतात तर तिने तिसऱ्या पावलालाच घाण केली असती."

वैशालीच्या हातातला पाइप माझ्या पायावर पाणी सोडत होता. दोघांनाही भान नव्हतं.

मी म्हटलं, "केल्विन, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी तोंडही उघडलं नाही."

आंटी तोवर बाहेर आल्या होत्या. केल्विनने त्यांना माझं म्हणणं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी डोकं हलवलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी डोकं हलवलं आणि त्यांच्याकडे बोट केलं. असं दोन-तीनदा झालं. केल्विन बिचारा मध्ये उभा राहून टेनिस बघितल्यासारखा बघत होता. शेवटी त्या भिंतीपाशी आल्या आणि माझ्याशी भरभर बोलायला लागल्या. खूप काही बोलल्या. मी जिवाचा कान करून ऐकलं.

एक अक्षर कळलं नाही.

मग मी मराठीत बोललो. मुद्दाम, सावकाश. "आंटी, मुळावर पाय ठेव असं तुम्ही म्हणालात की नाही?" त्यांनीही कपाळाला आठ्या घालून ऐकलं. त्यांनाही काही कळलं नाही. त्यांचा चेहरा असा पडला की मला फार वाईट वाटलं. आदल्या संध्याकाळी जे इतकं सहज होतं, ते हातातून गेलं होतं. मग त्यांनीच एक चिकू पुढे केला, आणि आम्ही जे करता येत होतं ते केलं... चिकू, चिकू.

आता लोकांनी दिलेली स्पष्टीकरणं. मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "साठे, बॉडी लँग्वेज." बॉडी लँग्वेजने मान हलवतात, हात दाखवतात. 'बस येऊ दे' कुठल्या अवयवाने सांगतात ते त्यांनी मला करून दाखवावं. माझी बहीण पुण्याहून म्हणाली, तिथे नारळ फोडा. मुलगी मेलबर्नहून म्हणाली, "बाबा, शेअर्ड स्ट्रेस रिस्पॉन्स." म्हटलं, मग त्या स्ट्रेसला मराठी आणि तेओच्यू दोन्ही येतात का? मुळावर पाय ठेवायचं माझ्या डोक्यात नव्हतं. आंटींच्याही नव्हतं, असं त्या शपथेवर सांगतात. त्यांनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं, कोंबड्या कधी पाळल्या नाहीत. मग ते आलं कुठून? कंपनीच्या मेडिकलमध्ये कान पुन्हा तपासून घेतला. डावा होता तसाच, गेलेला.

झाडाच्या जागी पूर्वी काय होतं वगैरे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. बोल्ट आवळता येईल असं काही मला तिथे सापडलेलं नाही, आणि सापडलं तरी मी आवळीन की नाही, शंकाच आहे. जे कोण होतं, किंवा जे काय होतं, त्याला कामाची उत्तम जाण होती. मी मोठमोठ्या चीफ इंजिनिअरांच्या हाताखाली काम केलंय. इतक्या कमी शब्दांत, न ओरडता, दोन अनोळखी माणसांना एकाच वेळी कामाला लावणारा मी त्यांच्यात बघितला नाही. सलाम करावासा वाटतो. कुणाला करायचा ते कळत नाही.

परवा संध्याकाळी आंटींनी मला हाताने खूण करून बोलावलं. त्यांनी दोन खुर्च्या टाकल्या होत्या. कोंबडी आली. एक बोट कमी, जराशी लंगडते, पण पाय धडधाकट. पहिल्या उडीत मधल्या फांदीवर पोचली. पिल्लं आता पिल्लं राहिली नाहीत, तिच्या पंखाखाली मावत नाहीत, तरी घुसायचा हट्ट सोडत नाहीत. वर तो सोनेरी मानेचा, ऐटीत. आंटी खुर्चीतून उठून झाडाखाली गेल्या, मी मागोमाग. त्या माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. वर बघत बघत त्या काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं... आत्ता. आत्ता कळेल.

"काय?" मी म्हणालो. माझ्या नेहमीच्या आवाजात.

वर कोंबडीने मान ताठ केली. आंटींनी चटकन माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला साबणाचा वास होता. मी डोळ्यांनीच माफी मागितली, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. कोंबडीने डोकं पंखात घालेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.